अलेक्झांड्रियाचा लोखंडी पुरुष



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने “आपल्या पूर्वापार व्यवसायाच्या इतिहासावर काही लिहा” अशी आज्ञा केली, तेव्हा मी आपल्या गावोगावच्या ऐरणींचा व भात्यांचा वृत्तांत देईन, अशी मंडळाची अपेक्षा असावी. ते काम मजपेक्षा अधिकारी मंडळींनी या पानांतून पूर्वी केलेले आहे. यंदा वाचकांची क्षमा मागून मी त्यांना सातासमुद्रांपलीकडील एका लोहाराच्या भट्टीपाशी नेणार आहे. या लोहाराचे नाव इतिहासात नोंदलेले नाही. तो कोणाच्या तरी मालकीचा गुलाम होता. त्याने घडवलेली एक लहानशी लोखंडी पुरुषाकृती तेवढी मागे राहिली, आणि ती त्याने कशासाठी घडवली असेल, हे कोडे विद्वानांना आजही पुरते सुटलेले नाही.

हा विषय मजकडे कसा आला, ते आधी सांगतो. माझी धाकटी कन्या व जामात नोकरीनिमित्त अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता तिकडे गेलो असता त्यांनी आम्हांस जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे निवासस्थान दाखविले. पोटोमॅक नदीच्या काठी उंचावर हा वाडा आहे. इतर मंडळी वाडा पाहण्यात गुंतली होती. माझे पाय मात्र कोळशाच्या वासाच्या मागे गेले. आवारात वॉशिंग्टनच्या काळच्या लोहारशाळेच्या जागी पुन्हा तशीच लोहारशाळा उभी केलेली आहे. भाता चालू होता, एक गृहस्थ प्रेक्षकांसमोर आकडा घडवीत होते. ज्याच्या आजोबांनी हयातभर गाडीच्या चाकांना धावा चढविल्या, त्याला घणाच्या ठोक्याची भाषा शिकवावी लागत नाही. मी बराच वेळ तेथेच उभा राहिलो. तेथे मला दोन नावे कळली, नॅट आणि जॉर्ज. वॉशिंग्टनच्या पदरी असलेले हे दोघे लोहार गुलाम होते. 1799 साली वॉशिंग्टन वारले तेव्हा माउंट व्हर्ननवर 317 गुलाम होते. त्यांच्या यादीत या दोघांपुढे त्यांचा धंदा लिहिलेला आहे. नांगर, कुदळी, बिजागऱ्या, घोड्यांचे नाल ही त्यांची कामे. शेजाऱ्यांची दुरुस्तीही तेथे होई आणि तिचे पैसे अर्थातच मालकाच्या वहीत जमा होत.

त्याच नदीच्या काठाने वर आठ-नऊ मैलांवर अलेक्झांड्रिया हे शहर आहे. 1749 साली वसलेले, तंबाखू व गव्हाच्या व्यापाराने वाढलेले हे बंदर. वाचनालयात बसून वेळ घालवावा ही माझी जुनी खोड. त्या वाचनालयात एक ग्रंथ हाती आला. जॉन मायकेल व्लाक या अभ्यासकांनी 1978 साली क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयासाठी अमेरिकेतील आफ्रिकी वंशीयांच्या कारागिरीचे एक प्रदर्शन रचले होते. त्याला जोडून निघालेला हा ग्रंथ. टोपल्या, रजया, मडकी, होड्या, घरे, थडगी असे पुष्कळ त्यात आहे. त्यातल्या एका छायाचित्रापाशी मी थांबलो तो थांबलोच. अलेक्झांड्रियात एका जुन्या लोहारशाळेच्या आणि गुलामांच्या निवासाच्या जागी सापडलेली ती घडीव लोखंडाची पुरुषाकृती होती. तिचा काळ अठराव्या शतकाचा उत्तरार्ध धरतात. पुढे ती अमेरिकी लोककलेच्या जाणत्या संग्राहक अडेल अर्नेस्ट यांच्या संग्रही आली. न्यूयॉर्कच्या लोककला संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी या बाई होत.

आकृती साधी आहे. सडपातळ देह, समोर तोंड करून ताठ उभा. अंगावर वस्त्राची वा दागिन्याची खूण नाही. चेहरा म्हणावा तर मोजक्या खुणांचा. कानस घासून अंग गुळगुळीत करण्याचा प्रयत्नही केलेला नाही. हातोड्याचे वण जागच्या जागी आहेत. एखाद्या शहरी माणसाने पाहिली तर “मुलाने केलेली दिसते” असे म्हणून तो पान उलटील. परंतु आपल्या घरातल्या माणसाने ती पाहिली तर त्याला निराळे दिसेल. घडीव लोखंडाला लाकडासारखे तंतू असतात. सळई तांबडीलाल करून तिच्या टोकाला छिन्नीने उभी चीर दिली की दोन पाय सुटतात. तशीच वरच्या अंगास चीर दिली की हात सुटतात. मग एकेक अवयव तापवून, ओढून, ठोकून आकारास आणावयाचा. लोखंड लाल असते तेवढ्या काही क्षणांत ठोका पडला पाहिजे. ते काळे पडले की पुन्हा भट्टीत. ओतीव मूर्तीप्रमाणे येथे साचा नाही, मातीप्रमाणे चुकले तर पुन्हा मळण्याची सोय नाही. एवढीशी आकृतीसुद्धा कित्येक वेळा भट्टीत घालावी लागते आणि तेवढा कोळसा व तेवढा वेळ लागतो. कोणीतरी भाता मारावा लागतो. हा वेळ व हा कोळसा ज्याचा नव्हता, त्याने तो या कामी खर्च केला, ही गोष्ट मला त्या चित्रात प्रथम दिसली.

आता प्रयोजनाकडे वळू. अमेरिकेतील जुन्या लोहारांनी माणसांच्या व पशुपक्ष्यांच्या आकृती पुष्कळ केल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांचे काम आपल्याला ठाऊक आहे. घराच्या वा देवळाच्या शिखरावर वारा दाखविणारे कोंबडे व मासे. चुलाण्यात लाकडे उचलून धरणाऱ्या आधारांवरची माणसांची डोकी. दुकानाबाहेर टांगलेल्या खुणेच्या पाट्या. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वसाहतकारांच्या बिजागऱ्यांची वळणे आणि त्यांच्या चरबीच्या दिव्यांवरची नक्षी. त्या दिव्यांपैकी काहींवर पीटर डेर या कारागिराने आपले नाव व साल उठवून ठेवले आहे. अलेक्झांड्रियाच्या पुरुषाला यांतले एकही काम लावता येत नाही. वारा दाखविणारी आकृती पत्र्यासारखी सपाट असते, कारण तिला वाऱ्याने ढकलावयाचे असते. ही तर चहूकडून घडविलेली आहे. दुकानाची खूण रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावी लागते. ही लहान आहे.

मग खेळणे म्हणावे काय? हा तर्क मी हसण्यावारी नेणार नाही. उरलेल्या तुकड्यातून लोहार आपल्या लेकराला काहीतरी करून देतो. आमच्या आजोबांनी मला लोखंडी भोवऱ्याची आर कितीदा बसवून दिली असेल! व्हर्जिनियातील गुलाम लोहारांना थोडाफार स्वतःचा वेळही असे. पुढील शतकात, म्हणजे 1850च्या सुमारास, त्याच राज्यातील बफेलो फोर्ज या कारखान्यात सॅम विल्यम्स नावाचा निष्णात गुलाम कारागीर होता. ठरावीक मापापलीकडे काम केले तर जादा मोबदला देण्याची तेथे वहिवाट होती, आणि त्यातून सॅम व त्याची पत्नी नॅन्सी या दोघांनी बँकेत पैसे साठविले होते. चार्ल्स ड्यू या इतिहासकारांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे सारे वह्यांच्या आधारे मांडले आहे. तेव्हा गुलामाजवळ फावला वेळ मुळीच नव्हता असे नाही. परंतु खेळण्यात मूल हाताळील असा काही सोपेपणा असतो, थोडी गंमत असते. या पुरुषात गंमत नाही. तो गंभीर आहे. अर्थात हे माझे मत. याहून मोठा पुरावा त्याला नाही.

आणखी एक तर्क युरोपच्या बाजूचा. बव्हेरिया व ऑस्ट्रियाच्या डोंगराळ मुलखात संत लिओनार्ड याला गुराढोरांचा व बंदिवानांचा कैवारी मानतात. त्याच्या देवळात नवस फेडताना शेतकरी लोहाराकडून घडवून घेतलेल्या लोखंडी गाई, घोडे, क्वचित माणसेही वाहत. त्या मुलखातील संग्रहालयांत अशा शेकडो आकृती आजही पाहावयास मिळतात. काही देवळांना तर चहूबाजूंनी लोखंडी साखळी वेढलेली असे. नवसाची ही लोखंडी माणसे आणि आपला हा पुरुष यांच्यात वरवर साम्य आहे, म्हणून जर्मन वसाहतकारांबरोबर ही चाल अमेरिकेत आली असेल, असे कोणाच्या मनात येईल. पण अठराव्या शतकात जे जर्मन तिकडे गेले ते बहुतांशी ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातले प्रॉटेस्टंट पंथाचे होते. संतांना नवस करणे हे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. शिवाय ही आकृती सापडली ती गुलामांच्या वस्तीत. उत्तर शोधावयाचे ते त्या माणसांच्या मायभूमीत.

व्लाक यांनी तेच केले. त्यांनी या पुरुषाचे नाते पश्चिम आफ्रिकेतील मांदे भाषा बोलणाऱ्या लोकांच्या, विशेषतः आजच्या माली देशातील बामाना लोकांच्या लोहकामाशी जोडले. येथे आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण त्या मुलखातील लोहारांची हकीकत ऐकून मी चकित झालो. तिकडे लोहारांची स्वतंत्र ज्ञाती आहे. तिला नुमू म्हणतात. लोहाराचा मुलगा लोहार, आणि बेटीव्यवहार आपसात. पुरुष लोखंडाचे व लाकडाचे काम करतात, स्त्रिया मडकी घडवितात. मुलांची सुंता करण्याचा मान लोहाराचा. लोखंड वितळविताना व ठोकताना एक प्रकारची अदृश्य शक्ती मोकळी होते, तिला ते न्यामा म्हणतात. ती आवरण्याचे सामर्थ्य जन्माने लोहारकुळात येते अशी त्यांची श्रद्धा. म्हणून शेतकरी व सरदार मंडळी लोहाराला भितात, त्याच्याशी सोयरीक करीत नाहीत, आणि अडल्यावेळी सल्ल्यासाठी त्याच्याच दारी येतात. त्यांच्या प्राचीन वीरकथेत पांगळा राजपुत्र सुंजाता पहिल्यांदा उभा राहतो तो लोहारांनी घडविलेल्या लोखंडी दांडक्याच्या आधाराने; आणि त्याचा प्रबळ शत्रू सुमांगुरू हाही लोहारच. मान आणि दुरावा असा दोन्हींचा हा अनुभव आपल्या वडीलधाऱ्यांना परका वाटला नसता.

हे नुमू लोहार लोखंडी दंड घडवितात. दंडाच्या माथ्यावर घोडेस्वार असतो, किंवा स्त्री अथवा पुरुष उभा असतो. अंगे सडपातळ, चेहऱ्यावर मोजक्या खुणा. असे दंड पूजास्थानी जमिनीत रोवून उभे करतात. शेजारच्या दोगोन लोकांतही लोखंडाच्या बारीक मानवाकृती वेदीशी ठेवण्याची चाल आहे. छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली तर अलेक्झांड्रियाचा पुरुष यांच्या घरचा वाटतो, यात शंका नाही. मग त्याचे प्रयोजनही तेच, पूजेचे वा रक्षणाचे, असे म्हणण्याचा मोह होतो.

पण इतिहास लिहिणाराने येथे थोडे थांबावे, असे मला वाटते. व्हर्जिनियात उतरविलेले गुलाम एकाच देशाचे नव्हते. सेनेगल व गांबिया नद्यांच्या बाजूने पुष्कळ आले. तसेच आजच्या नायजेरियाच्या पूर्व किनाऱ्यावरून फार मोठ्या संख्येने आले. त्यांत इग्बो लोकांचा भरणा होता. इग्बोंमध्येही अवका गावचे लोहार नामांकित; गावोगाव फिरून ते काम करीत. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हर्जिनियातील बहुसंख्य गुलाम तेथेच जन्मलेले होते. बापाकडून, आजाकडून ऐकलेले, हातात उतरलेले, आणि मालकाच्या लोहारशाळेत इंग्रजी पद्धतीने शिकलेले असे सारे त्यांच्या हातात एकत्र झालेले असणार. चेहरामोहरा जुळला म्हणजे कुळ सिद्ध होत नाही, हे सोयरीक जुळविणाऱ्या आपल्या मंडळींना मी सांगावयास नको.

तथापि व्लाक यांच्या मताला बळकटी देणारी एक गोष्ट पुढे निघाली. अलेक्झांड्रियापासून फार दूर नाही असे मेरीलँड राज्यातील अ‍ॅनापोलिस शहर. तेथे 2008 साली मार्क लिओनी यांच्या पुरातत्त्व चमूला रस्त्याखाली चिखलमातीचा एक घट्ट गोळा सापडला. तो इसवी सन 1700च्या आसपासचा ठरला. क्ष-किरणांनी पाहता आत शिशाच्या बारीक गोळ्या, लोखंडी खिळे व तांब्याच्या टाचण्या भरलेल्या दिसल्या आणि एका टोकातून दगडी कुऱ्हाडीचे पाते बाहेर आलेले होते. कोणाचा तरी हा संरक्षणाचा उतारा होता, आणि तो भर रस्त्याकडेला ठेवलेला होता. म्हणजे त्या प्रदेशात, त्या शतकात, आफ्रिकेतून आलेली माणसे धातूला दैवी शक्ती मानून काही विधी करीत होती, एवढे तरी निश्चित. खंडेनवमीला ऐरणीला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. अशा भूमीत एक लोहार लोखंडाचा माणूस घडवितो, तेव्हा तो केवळ हौसेखातर घडवीत असेल हे मला पटत नाही. माझा कौल पूजेच्या किंवा रक्षणाच्या बाजूस आहे. कोणत्या देवाची, कोणत्या पूर्वजाची, कोणापासून रक्षण, हे मात्र तो लोहारच सांगू शकला असता.

येथे घरची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आमच्या मूळ गावी आजोबांची भट्टी मोडून तेथे खोली बांधली, तेव्हा राखेच्या ढिगात एक वीतभर लोखंडी आकृती निघाली. कंबरेत किंचित वाकलेली स्त्री, डोक्यावर लहानसा अंबाडा, पाय जुळलेले. आईने ती चिंचेने घासली, तेल लावले आणि देव्हाऱ्यात बसविली. कोणी म्हणाले कुलस्वामिनी, कोणी म्हणाले एखादी सती. वीस वर्षे तिला हळदकुंकू लागले. घरात कोणाला ताप आला तर तिच्यापुढे दिवा लागे. पुढे आजोबांच्या हाताखाली शिकलेले एक वृद्ध गृहस्थ लग्नानिमित्त घरी आले. देव्हाऱ्यापाशी नमस्काराला वाकले आणि क्षणभर पाहून मोठ्याने हसू लागले. “अहो वहिनी, हे तर अडकित्त्याचे एक अंग! थोरल्या आबांनी पाटलीणबाईंसाठी केला होता. खिळा बसवताना भोक फाटले म्हणून फेकून दिला. मीच भाता मारत होतो!” घरभर हशा पिकला. आईने मात्र ती आकृती देव्हाऱ्यातून हलविली नाही. “अडकित्ता असेल तुमच्याकडे,” ती म्हणाली, “आमच्याकडे वीस वर्षं देवी आहे.”

या प्रसंगावर मी पुष्कळदा विचार केला आहे. ते वृद्ध गृहस्थ लग्नाला आले नसते तर आमची नातवंडे त्या अडकित्त्याला कुलदैवत म्हणून पुजत राहिली असती, आणि एखाद्या विद्वानाने तिच्यावर निबंधही लिहिला असता. वस्तूचे प्रयोजन नुसते वस्तूत नसते. भाता मारणाऱ्या पोराच्या स्मरणातही ते असते. तो पोरगा हयात असावा लागतो, आणि त्याला कोणी विचारावे लागते. आमच्या घरी पन्नास वर्षांचेच अंतर होते, आणि तेवढ्यात ही गत. अलेक्झांड्रियात तर मधला दुवा माणसांनी जाणूनबुजून तोडला. गुलामाची बायको एकीकडे विकली गेली, मुले दुसरीकडे. 1828 सालापासून त्याच अलेक्झांड्रियात फ्रँकलिन व आर्मफील्ड या व्यापाऱ्यांची पेढी होती. ती हजारो माणसे खरेदी करून दक्षिणेकडे पाठवी. 1831 साली व्हर्जिनियाच्या कायद्याने कृष्णवर्णीयांना लिहिणे-वाचणे शिकविण्यासाठी जमण्यावर बंदी घातली. मग आजोबाने काय घडविले आणि कशासाठी, हे नातवाला कोण सांगणार? महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते, याचे त्या वाचनालयात बसलो असता मला पुन्हा स्मरण झाले.

प्रयोजन टिकले, करणाऱ्याचे नाव टिकले, असेही एक लोखंडी पुरुष आहेत. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी राज्यात अकाती एकप्लेकेन्दो या लोहाराने 1858च्या सुमारास गू या लोखंडाच्या व युद्धाच्या देवतेची माणसाएवढी मूर्ती घडविली. राजा ग्लेले याने आपल्या दिवंगत पित्याच्या, राजा गेझोच्या, सन्मानार्थ ती करविली. देवाच्या मस्तकी मुकुटाप्रमाणे लोखंडी बाण, सुरी, कुदळ, आकडे अशी लहान हत्यारे खोवलेली आहेत. फ्रेंचांनी दाहोमी जिंकल्यावर 1894 साली ती मूर्ती पॅरिसला नेली आणि पुढे ती लूव्हर संग्रहालयात आली. मूर्ती लुटीत गेली, पण कोणी केली, कोणासाठी, कशासाठी हे सांगणारी माणसे मागे होती. याच दाहोमीच्या राजांनी इतर जमातींची माणसे पकडून गोऱ्या व्यापाऱ्यांना विकली, हेही येथे लिहिले पाहिजे. एका लोहाराचे नाव ज्या राजवटीत टिकले, तिनेच दुसऱ्या कित्येक लोहारांची नावे पुसली.

व्हर्जिनियातील मालकांना आपल्या लोहारांविषयी जे कळले ते बहुधा खटल्याच्या कागदांतून. रिचमंडजवळच्या गॅब्रिएल या गुलाम लोहाराने 1800 साली उठावाचा बेत केला. त्याचा भाऊ सॉलोमन हाही लोहार. शेतातील मोठ्या विळ्यांची पाती कापून त्यांनी तलवारी घडविल्या. 30 ऑगस्टच्या रात्री भयंकर वादळ होऊन ओढ्यांना पूर आले, बेत फुटला, आणि ऑक्टोबरात गॅब्रिएलला फाशी झाली. त्या तलवारी कशासाठी होत्या हे न्यायाधीशांनी खोदखोदून विचारले व लिहून ठेवले. अलेक्झांड्रियाच्या पुरुषापासून कोणाला भय नव्हते, म्हणून त्याच्याविषयी कोणी विचारले नाही. मोंटिचेल्लो येथील जेफरसनच्या घराण्यातील आयझॅक ग्रेंजर हा गुलाम लोहार या बाबतीत विरळा भाग्यवान. म्हातारपणी 1840च्या दशकात एका गृहस्थाने त्याच्या आठवणी उतरवून घेतल्या. त्या 1951 साली छापून निघाल्या. चामड्याचा पोटावरचा पदर बांधलेले त्याचे छायाचित्रही आहे. दंड असे भरदार आहेत की, पाहताच आजोबांची आठवण यावी.

अमेरिकेत अशा जुन्या लोखंडी आकृतींचा आता मोठा बाजार आहे, हेही ओघाने सांगतो. जुन्या बाजारातून त्या उचलल्या जातात, दिवाणखान्यात मांडल्या जातात, आणि विकणारा जी कथा सांगेल ती त्यांना चिकटते. मिठाचे पाणी लावून मातीत पुरले की नवे लोखंडही लवकरच आजोबांच्या काळचे दिसू लागते, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? त्या दृष्टीने अलेक्झांड्रियाचा पुरुष निदान कोणत्या भूमीतून वर आला एवढे तरी माहीत आहे. त्या शहराने 1975 साली स्वतःचा पुरातत्त्व आयोग नेमला, आणि आता पाया खणण्याआधी जमीन शास्त्रोक्त तपासली जाते.

ज्या व्लाक यांनी 1978 साली या मुक्या पुरुषाचे कूळ शोधण्याचा यत्न केला, त्यांनी तीनच वर्षांनी, 1981 साली, एका हयात लोहारावर संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. हा लोहार म्हणजे दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहरचे फिलिप सिमन्स. 1912 साली त्यांचा जन्म झाला आणि 2009 साली ते वारले. ज्यांच्या हाताखाली ते शिकले ते पीटर सिमन्स गुलामगिरीत जन्मलेले होते. आडनाव एकच असले तरी त्यांचे नाते गुरुशिष्याचेच. व्लाक त्यांच्या भट्टीपाशी जाऊन बसत आणि प्रत्येक आकृतीविषयी विचारीत. चार्ल्स्टनच्या गॅड्सडेन यांच्या जुन्या वाड्याला सिमन्स यांनी एक फाटक केले, त्यात वेटोळे घातलेला नाग आहे. सेनानी गॅड्सडेन यांच्या निशाणावर विषारी सर्प होता म्हणून फाटकात सर्प हवा, हे त्याचे प्रयोजन. सिमन्स यांनी सांगितले की, पहिल्याने केलेला सर्प सर्पासारखा दिसला, पण त्याचा डोळा मेलेला होता. तो त्यांनी पुन्हा भट्टीत घातला, डोळा बदलला, पुन्हा घातला, पुन्हा बदलला. सर्प आपल्याकडे पाहतो आहे असे त्यांना वाटले, तेव्हा कोठे त्यांनी हातोडा खाली ठेवला.